एका खिडकीतून पंधरा डेटाबेस: फेडरेटेड सर्चबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लायब्ररीतल्या शोधसाधनांवर लिहिताना फेडरेटेड सर्चचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला होता. एकाच बॉक्समध्ये टाइप करायचं आणि अनेक कॅटलॉग, अनेक डेटाबेस एकदम शोधून घ्यायचे, एवढंच तिथे म्हटलं होतं. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सदर पूर्ण त्यावरच. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडी छाटली आहेत.

प्रश्न: ताई, आमच्या नोट्समध्ये फेडरेटेड सर्च, मेटासर्च, डिस्कव्हरी सर्व्हिस आणि युनियन कॅटलॉग हे चारही एकाच परिच्छेदात कोंबलेत आणि वाचून असं वाटतं की चौघांचं काम एकच. मग नावं चार कशाला? परीक्षेत फरक लिहा आलं तर काय लिहू?
– लायब्ररी सायन्सची विद्यार्थिनी

उत्तर: परीक्षेचं नंतर बघू, आधी एक गोष्ट पक्की कर म्हणजे व्याख्या पाठ करायची वेळच येणार नाही. कुठलंही साधन समोर आलं की विचारायचं, गोळाबेरीज कधी होते? एंटर दाबल्यावर, का एंटर दाबायच्या कितीतरी आधी?

फेडरेटेड सर्चमध्ये एंटर दाबल्यावर. तू शब्द टाकतेस, मधलं सॉफ्टवेअर तो दहा ठिकाणी पाठवतं, प्रत्येक ठिकाणाला कळेल अशा भाषेत वळवून, मग उत्तरं जशी येतील तशी जमवतं, डबल नोंदी काढतं आणि एक यादी करून दाखवतं. त्याच्या स्वतःकडे काही साठवलेलं नसतं. लायब्ररीवाल्यांच्या बोलण्यात मेटासर्च म्हणजे पण हेच, त्यात फरक शोधत बसू नकोस.

डिस्कव्हरीमध्ये गोळाबेरीज आधीच झालेली असते. प्रकाशकांकडून, डेटाबेसवाल्यांकडून, लायब्ररीच्या स्वतःच्या कॅटलॉगमधून नोंदी आणून एका मोठ्या इंडेक्समध्ये रचून ठेवतात आणि तू शोधतेस तेव्हा फक्त तो इंडेक्स चाळला जातो, प्रश्न बाहेर कुठे जातच नाही, म्हणून उत्तर चटकन येतं. युनियन कॅटलॉग, म्हणजे अनेक लायब्रऱ्यांच्या नोंदींचा एकत्र कॅटलॉग, याच बाजूचा. १९७१ मध्ये ओसीएलसी या लायब्रऱ्यांच्या सहकारी संस्थेची ऑनलाइन कॅटलॉगिंग सुरू झाली, लायब्रऱ्या एकाच ठिकाणी नोंदी करत गेल्या, त्यातून वर्ल्डकॅट हा युनियन कॅटलॉग उभा राहिला. नोंदी आधीच एकत्र आहेत ना, झालं मग.

इतिहासाचा क्रम लक्षात ठेवलास तर फरक आणखी स्पष्ट होईल. २००० नंतरची काही वर्षं फेडरेटेड सर्चची होती, मेटालिब, वेबफीट अशी प्रॉडक्ट्स लायब्रऱ्यांनी भराभर घेतली. पण २००४ च्या नोव्हेंबरमध्ये गुगल स्कॉलर, म्हणजे गुगलचं शोधनिबंध शोधायचं साधन, आलं आणि वाचकाला सवय लागली की उत्तर क्षणात यायला पाहिजे, आणि इकडे आपलं ते चाक फिरतंय फिरतंय. २००९ मध्ये समन ही डिस्कव्हरी सर्व्हिस आली, २०१० च्या आसपास एब्स्कोची डिस्कव्हरी सर्व्हिस आणि प्रिमो सेंट्रल आले, आणि मोठ्या विद्यापीठांनी फेडरेटेड सर्च बाजूला ठेवायला सुरुवात केली. म्हणून बरीच पुस्तकं फेडरेटेड सर्चला डिस्कव्हरीचा जुना अवतार म्हणतात. मला ते पटत नाही, दोन्हीची घडणच वेगळी आहे आणि जिथे नोंदी आधी उचलून आणायला कुणी परवानगी देत नाही तिथे आजही फेडरेटेडच लागतं.

नुसतं वाचू नकोस, जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या व्हर्च्युअल कॅटलॉगवर जाऊन एकदा शोधून बघ, केव्हीके म्हणतात त्याला. १९९६ पासून चालू आहे, स्वतःचा डेटाबेस नाही, तू टिक केलेल्या लायब्रऱ्यांच्या कॅटलॉगना तो थेट प्रश्न पाठवतो. गंमत म्हणजे उत्तरं एकत्र कालवत नाही, कॅटलॉगनुसार वेगवेगळी मांडतो आणि कुठला कॅटलॉग उत्तर द्यायला मागे पडला ते पण डोळ्यांसमोर दिसतं. एरवी हे सगळं पडद्यामागे चालतं, त्यामुळे शिकायला याच्याइतकी सोयीची जागा नाही.

प्रश्न: आमच्याकडे जुनं फेडरेटेड सर्च अजून चालू आहे. एकच शब्द सकाळी टाकला आणि दुपारी टाकला तर रिझल्टचा आकडा वेगळा येतो. शिवाय वर दाखवतं चार लाख रिझल्ट आणि खाली जेमतेम दोनशेच्या पुढे जाता येत नाही. मुलं म्हणतात सर हे बंद पडलंय. बंद नाही पडलं, पण त्यांना सांगू काय?
– कॉलेजचे ग्रंथपाल

उत्तर: सर, दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. तुमच्या सॉफ्टवेअरने एंटरनंतर काय काय केलं ते पायरीने बघा.

या साधनांचा बराचसा पाया झेड ३९.५० नावाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीवर आहे. पहिली आवृत्ती १९८८ ची, म्हणजे वेबच्याही आधीची, आणि १९९५ ची तिसरी आवृत्ती अजून चालते. त्यात शोध दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात प्रश्न जातो आणि समोरचा सर्व्हर सहसा फक्त आकडा परत पाठवतो, माझ्याकडे एवढ्या नोंदी सापडल्या. नोंदी तो स्वतःकडेच बाजूला काढून ठेवतो. दुसऱ्या टप्प्यात आपण मागायचं, पहिल्या वीस दे, मग पुढच्या वीस दे. आता दहा ठिकाणांहून चाळीस चाळीस हजारांचा आकडा आला की बेरीज झाली चार लाख, ती वर झळकते, पण सॉफ्टवेअरने प्रत्येकाकडून प्रत्यक्षात वीसच नोंदी आणलेल्या असतात. वीस गुणिले दहा, दोनशे. मुलांना सांगा की चार लाख हा सापडल्याचा आकडा आहे आणि दोनशे हा आणल्याचा. ही मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते पण मग वाट बघायची तयारी ठेवा.

आकडा बदलतो तो टाइमआउटमुळे. सॉफ्टवेअरला सांगून ठेवलेलं असतं की अमुक सेकंद थांब आणि तोवर जो उत्तर देणार नाही त्याला सोडून दे. सकाळी दहाच्या दहा डेटाबेसनी वेळेत उत्तर दिलं, दुपारी दोघं गळाले, आकडा घसरला. चांगलं सॉफ्टवेअर कोण गळलं ते स्पष्ट दाखवतं, वाईट सॉफ्टवेअर गप्प बसतं आणि वाचकाला वाटतं की त्या डेटाबेसमध्ये काही नव्हतंच. माझ्या मते फेडरेटेड सर्चचा सगळ्यात मोठा दोष हाच, उशीर परवडला पण हा गप्पपणा नको. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डेटाबेसची स्थिती दाखवणारा पॅनल असेल तर तो लपवलेला राहू देऊ नका, रिझल्टच्या शेजारीच ठेवा.

आणखी एक जागा तपासा जी सहसा कुणी तपासत नाही. काही डेटाबेसचं लायसन्स एका वेळी दोन किंवा तीन वापरकर्ते एवढंच असतं. फेडरेटेड सर्च प्रत्येक वेळी सगळ्यांना प्रश्न पाठवतं, म्हणजे कुणी स्वयंपाकाचं पुस्तक शोधलं तरी कायद्याच्या डेटाबेसची एक जागा अडते, आणि ज्याला खरोखर कायद्याचं हवं होतं तो बाहेर थांबतो. अशा डेटाबेसना सगळ्या शोधांमधून काढा आणि विषयवार गटात टाका. वापराचे आकडे पण याने फुगतात, म्हणूनच काउंटर या ई-साधनांचा वापर मोजायच्या मानकाच्या पाचव्या आवृत्तीत, जी २०१९ पासून लागू झाली, फेडरेटेड शोध वेगळे मोजायची सोय आहे. डेटाबेस चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवताना तो रकाना वेगळा काढून बघा, नाहीतर ज्याला कुणी हात लावत नाही तो सगळ्यात लोकप्रिय दिसेल.

प्रश्न: मी प्रोग्रॅमर आहे, लायब्ररीचा माणूस नाही. एका संस्थेने सांगितलंय की आमच्या सहा कॅटलॉगवर एकच सर्च करून दे. मला वाटलं सहा एपीआय कॉल करायचे, रिझल्ट मर्ज करायचे, दोन दिवसांचं काम. आता महिना होत आला. कुठून शिकायला पाहिजे होतं?

उत्तर: दोन दिवसांचं काम आहे हे वाटणं साहजिक आहे, सहा कॉल करणं खरंच दोन दिवसांचंच आहे. उरलेला महिना मर्जमध्ये जातो.

आधी हात घाण करा. इंडेक्स डेटा नावाची डेन्मार्कची कंपनी आहे, तिचं याझ नावाचं ओपन सोर्स टूलकिट आहे आणि त्यात कमांड लाइनवर चालणारा क्लायंट मिळतो. ओपन म्हणून सर्व्हरचा पत्ता द्यायचा, फाइंड म्हणून शोधायचं, शो म्हणून नोंदी मागायच्या, इतकंच. शोधताना शब्दाच्या आधी एक ॲट्रिब्यूट लावायचं असतं, एक बरोबर चार लिहिलं की शीर्षकात शोध, एक बरोबर एक हजार तीन म्हणजे लेखक, सात म्हणजे आयएसबीएन, एकवीस म्हणजे विषय. हे आकडे बिब-वन नावाच्या यादीतले आहेत. आता तुमच्या सहा कॅटलॉगपैकी प्रत्येकाला हाच लेखकाचा शोध हाताने विचारून बघा. एखादा बरोबर उत्तर देईल, एखादा ११४ नंबरची चूक परत पाठवेल म्हणजे हे ॲट्रिब्यूट मला माहीत नाही, आणि एखादा काही न बोलता लेखकाच्या ऐवजी सगळ्या रकान्यांत शोधून भरमसाट आकडा देईल. हा तिसरा सगळ्यात घातक, कारण तुमच्या लॉगमध्ये एरर दिसणारच नाही. हा घोळ निस्तरायला २००० मध्ये बाथ प्रोफाइल नावाचा करार झाला, कुठल्या शोधाला कुठली ॲट्रिब्यूट्स लावायची ते त्यात ठरलं, पण सगळे सर्व्हर ते पाळतातच असं नाही. म्हणून सहा कॅटलॉगचा एक तक्ता करा, कुठला शोध कुणाला जमतो, आणि तुमचं कोड त्या तक्त्यावरून चालू द्या.

कॅटलॉग थोडे नवे असतील तर एसआरयू मिळेल. झेड ३९.५० चंच काम साध्या वेब पत्त्यावर, उत्तर एक्सएमएलमध्ये, ब्राउझरमध्ये टाइप करून पण बघता येतं. त्याची एक्सप्लेन ही सोय आधी वापरा, सर्व्हर स्वतःच सांगतो मला काय काय येतं. सांगतो ते दर वेळी खरं असतंच असं मात्र नाही.

आता मर्ज. इथे प्रोग्रॅमर लोक हमखास एक गृहीत धरतात की प्रत्येक कॅटलॉगचा पहिला रिझल्ट हा त्याचा सगळ्यात चांगला रिझल्ट. तसं नसतं हो. बरेच जुने कॅटलॉग नोंदी ज्या क्रमाने सिस्टिममध्ये शिरल्या त्या क्रमाने देतात, कुणी नव्यापासून देतो, कुणी शीर्षकाच्या वर्णानुक्रमाने. जे स्कोअर देतात त्यांचे स्कोअर एकमेकांशी जुळत नाहीत, एकाचा ०.९ आणि दुसऱ्याचा ३७ यांची तुलना होऊच शकत नाही.

यावर उपाय म्हणून स्कोअर सोडून फक्त क्रमांक घेणारी एक पद्धत आहे, रेसिप्रोकल रँक फ्यूजन, २००९ ची. प्रत्येक यादीत नोंद कितवी आहे ते घ्यायचं, त्यात ६० मिळवायचे, एकाला त्याने भागायचं आणि सगळ्या याद्यांमधली बेरीज करायची. समजा एक पुस्तक एका यादीत पहिलं आणि दुसऱ्या यादीत तिसरं आहे, तर १/६१ अधिक १/६३, साधारण ०.०३२. जे पुस्तक एकाच यादीत पहिलं आहे त्याला १/६१ म्हणजे ०.०१६. दोघांनी सांगितलेलं वर येतं, छान वाटतं. पण तुमच्या सहा कॅटलॉगमध्ये सामाईक नोंदी कमी असतील तर जवळपास प्रत्येक नोंद एकाच यादीतून येणार, मग ही पद्धत काय करेल, सगळ्यांचे पहिले वर, मग सगळ्यांचे दुसरे, मग तिसरे. म्हणजे फिरत्या पाळीने वाढल्यासारखं, त्याला गणित कशाला पाहिजे? अशा वेळी आणलेल्या नोंदींवर स्वतःच स्कोअर काढलेला बरा, शोधशब्द शीर्षकात आहे का, विषयात आहे का, किती वेळा आहे. इंडेक्स डेटाचंच पॅझपार-टू साधारण असंच करतं, आणि त्यात मर्ज की, प्रत्येक सर्व्हरची स्थिती सांगणारी कमांड, सगळं आयतं आहे. खरं सांगायचं तर तुम्ही ते बसवा आणि वर फक्त तुमचा फ्रंट एंड लिहा. स्वतः लिहिण्यात शिकायला मिळतं हे मान्य, पण तुमच्या संस्थेला ते उद्या दुसऱ्या कुणाला तरी सांभाळायचंय.

आणि संस्थेला एक प्रश्न विचाराच. सहाही कॅटलॉग त्यांचेच असतील तर फेडरेटेड कशाला? नोंदी रात्रीत उचलून सोलर या सर्च इंजिनच्या एका इंडेक्समध्ये टाका आणि वर व्ह्यूफाइंड हे डिस्कव्हरी सॉफ्टवेअर बसवा. व्हिलानोव्हा विद्यापीठात तयार झालेलं ओपन सोर्स आहे, २०१० पासून पक्क्या आवृत्तीत आहे. नोंदी उचलायला ओएआय-पीएमएच हा प्रोटोकॉल आहेच, त्याची २००२ ची दुसरी आवृत्ती अजून सगळीकडे चालते. फेडरेटेडचं दुखणं अंगावर घ्यायचं ते दुसऱ्याच्या डेटासाठी, स्वतःच्या डेटासाठी नाही.

प्रश्न: एकच पुस्तक सात वेळा येतं आणि जे पाहिजे ते देवनागरीत टाकलं की येतच नाही, रोमनमध्ये टाकलं की येतं. डबल नोंदी काढतो म्हणतात ते काय करतात मग?

उत्तर: प्रश्न दोन आहेत, दोन्ही त्रासदायक.

डबल नोंदींसाठी बहुतेक सॉफ्टवेअर आयएसबीएन बघतं, नसेल तर शीर्षक, लेखक आणि वर्ष जोडून एक किल्ली बनवतं. आयएसबीएन २००७ पासून तेरा अंकी झाला, त्याआधीची पुस्तकं दहा अंकीच नोंदवलेली. एका कॅटलॉगमध्ये ०३०६४०६१५२ आणि दुसऱ्यात ९७८०३०६४०६१५७ असेल तर पुस्तक एकच आहे, पुढे ९७८ लागलाय आणि शेवटचा तपासणी अंक दोनाचा सात झालाय. जे सॉफ्टवेअर हे रूपांतर करत नाही त्याला ती दोन पुस्तकं दिसतात. त्यात पेपरबॅकचा वेगळा, हार्डकव्हरचा वेगळा, ईबुकचा आणखी वेगळा. उलट टोकाला जाऊन फक्त शीर्षकावर जुळवलं तर दोन वेगळ्या लेखकांची एकाच नावाची पुस्तकं एक होतात आणि एक गायबच होतं. या दोघांत मला सात वेळा दिसणं परवडतं, न दिसणं नाही.

देवनागरीचं असं की जगातल्या अनेक मोठ्या लायब्रऱ्या इतर लिपींतली पुस्तकं मुख्य रकान्यात रोमनमध्ये नोंदवतात, अक्षरांवर रेघा टिंबं देऊन, आणि मूळ लिपीतलं शीर्षक मार्क या कॅटलॉगिंगच्या ठरलेल्या साच्यातल्या नोंदीत ८८० नंबरच्या फील्डमध्ये ठेवतात. ठेवलं असेल तर. आणि ठेवलं असलं तरी शोधाचा इंडेक्स त्या फील्डवर केलेला असेलच असं नाही. रशियन, अरबी, चिनी वाचक पण हेच भोगतात.

त्यात आपली आणखी एक भानगड आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध आहे, पण लोक अ ला वर चंद्र देऊन पण लिहितात, दिसायला सारखंच, संगणकाला मात्र दोन वेगळी अक्षरं. ‘ऱ’ चं तसं नाही, तो एकसंध लिहिला काय किंवा र खाली नुक्ता देऊन लिहिला काय, युनिकोडच्या ठरलेल्या नियमाने दोन्ही एक होतात. ‘ॲ’ ला तो नियमच नाही, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्याने मुद्दाम सोय केली तरच जुळणार. म्हणून शीर्षकात ‘ॲ’ असेल तर तो शब्द गाळून बाकीच्या शब्दांवर शोधा, आणि लेखकाचं आडनाव एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये, असं दोनदा शोधायची सवय ठेवा.

प्रश्न: व्हेंडर येऊन डेमो देऊन गेला, एका क्लिकवर सगळं, असं म्हणाला. कमिटी खूश आहे. मला सही करायची आहे म्हणून जरा धास्ती वाटते. काय विचारू?

उत्तर: मॅडम, डेमोमध्ये व्हेंडरचा शब्द नाही, तुमचा शब्द टाकायला लावा. तुमच्या लायब्ररीत हमखास विचारले जाणारे दहा खरे प्रश्न लिहून न्या, त्यात एक दोन अवघड असू द्या, जुना लेख, स्थानिक भाषेतलं पुस्तक, फक्त लेखकाचं नाव माहीत असलेला प्रबंध. मग तेच दहा प्रश्न मूळ डेटाबेसमध्ये शोधून काय निसटतंय ते बघा. त्या अर्ध्या तासात ब्रोशरपेक्षा जास्त कळेल.

‘सगळं’ म्हणजे काय ते लेखी मागा. तुम्ही पैसे भरता त्या डेटाबेसांची यादी द्या आणि प्रत्येकापुढे लिहून घ्या की त्याच्या नोंदी तुमच्या इंडेक्समध्ये आहेत का, असतील तर फक्त शीर्षक-लेखक की सारांश आणि विषयशब्द पण, की पूर्ण मजकूर, आणि नसतील तर तो बाहेरून थेट शोधला जाणार की मुळीच नाही. काही प्रकाशक आपला डेटा प्रतिस्पर्ध्याच्या इंडेक्सला देत नाहीत, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. अमेरिकेतल्या निसो या मानक संस्थेने २०१४ मध्ये ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्हची शिफारस काढली ती याचसाठी, कुणी काय दिलं, काय घेतलं आणि स्वतःच्या मालाला रिझल्टमध्ये वर ढकललं का हे उघड सांगावं. त्याचं पालनपत्र भरलंय का एवढंच विचारा, चेहऱ्यावरून बरंच कळेल.

लिंक चालते का हे पण तपासा, कारण वाचकाला नोंद नको असते, लेख हवा असतो. नोंदीवरून लेखापर्यंत नेणारा ओपनयूआरएल लिंक रिझॉल्व्हर तुमच्या सब्स्क्रिप्शनच्या यादीवर चालतो आणि ती यादी अद्ययावत ठेवणार कोण, व्हेंडर की तुमचा स्टाफ, हे करारात पाहिजे. कनेक्टरचं, म्हणजे एखादा डेटाबेस जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तुकड्याचंही तसंच. एखाद्या डेटाबेसला नीट प्रोटोकॉल नसतो तेव्हा सॉफ्टवेअर त्याचं वेबपेज वाचून रिझल्ट उचलतं आणि त्या साइटने डिझाइन बदललं की दुसऱ्या दिवशी ते मेलं. किती दिवसांत दुरुस्त करणार, ते लिहून घ्या. आणि कमिटी कितीही खूश असली तरी एक वर्षाच्या वर सही करू नका.

प्रश्न: सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी एकाच ठिकाणी सर्च केला तर चालेल का? वेळ वाचेल.

उत्तर: नाही चालणार. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणं. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमध्ये हार्ट अटॅक टाइप केलं की तो पडद्यामागे मेश या त्याच्या विषयसूचीतल्या मायोकार्डियल इन्फार्क्शनशी जोडून शोधतो, दुसरा डेटाबेस फक्त ते दोन शब्द शोधतो, तिसरा वेगळ्या विषयसूचीवर जातो. एकाच बॉक्समधून गेलेला प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळा होतो आणि नेमका काय झाला ते तुम्हाला दिसत नाही. प्रिझ्मा-एस या २०२१ च्या मार्गदर्शनात प्रत्येक डेटाबेसमध्ये चालवलेला शोध जसाच्या तसा द्यायला सांगितलंय, तो तुम्ही कुठून देणार? शिवाय वर म्हटलं तसं टाइमआउटमुळे तोच शोध उद्या वेगळा येईल. विषयाची चाचपणी करायला, शब्द गोळा करायला एकत्रित सर्च जरूर वापरा, खरा शोध मात्र प्रत्येक डेटाबेसच्या स्वतःच्या पानावर. वेळ जाईल, जाऊ द्या.

प्रश्न: गुगल स्कॉलर फेडरेटेड आहे का? आणि एआय आल्यावर हे सगळं शिकण्यात अर्थ आहे का?

उत्तर: स्कॉलर फेडरेटेड नाही, तो आधी फिरून स्वतःचा इंडेक्स बनवतो.

एआयचं म्हणाल तर उत्तर लिहिणारा नवा असला तरी नोंदी आणणारा जुनाच आहे. प्रिमो या डिस्कव्हरी सर्व्हिसमध्ये २०२४ साली रिसर्च असिस्टंट आला, तो आधी इंडेक्समधून नोंदी काढतो आणि त्यांच्या सारांशांवरून उत्तर रचतो. म्हणजे इंडेक्समध्ये जे नाही ते उत्तरातही नाही. आणि जे चॅटबॉट एकाच वेळी चार साधनांना प्रश्न पाठवून उत्तरं जमवतात ते काय करतायत? फेडरेटेड सर्चच की. कोण वेळेत आलं, कोण गळलं, एकच लेख दोनदा मोजला का, कुणाचा पहिला रिझल्ट खरंच पहिला होता, तेच प्रश्न, फक्त आता उत्तर गुळगुळीत वाक्यांत येतं त्यामुळे गळालेलं आणखीच दिसत नाही.

प्रश्न: घरबसल्या, काही खर्च न करता सराव करायचा तर?

उत्तर: केव्हीके वर सांगितलंच. वर्ल्डवाइडसायन्स डॉट ऑर्ग उघडा, २००७ पासूनचं आहे, वेगवेगळ्या देशांची विज्ञानाची पोर्टल्स थेट शोधतं, रिझल्ट हळूहळू भरत जातात ते बघत बसण्यासारखं आहे. स्वतःच्या संगणकावर कोहा हे लायब्ररीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवता आलं तर त्यात झेड ३९.५० सर्च आहेच, दुसऱ्या लायब्ररीची नोंद खेचून आपल्या कॅटलॉगमध्ये घ्यायला कॅटलॉगर रोज तो वापरतात. दोन तीन सर्व्हर जोडा, एक पत्ता मुद्दाम चुकीचा द्या, आणि सॉफ्टवेअर तुम्हाला ते सांगतंय की गप्प बसतंय ते पाहा. याझचा क्लायंट त्यानंतर.